बारा सेकंद पुढे

गुरुवारी माझ्या टेबलावर दोन घड्याळं आली.
एक मखमली डबीतून,
एक पावाच्या पिशवीतून, वर गाठ मारलेली.

डबीतलं डॉन आबेलार्दोचं. सोन्याचं,
दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढंच जाड,
कफाखाली गेलं की असल्याची खूण नाही.
पिशवीतलं रोसेंदो नाहुएलकिनचं. पोलादी, बुटकं, रुंद खांद्यांचं,
पट्ट्याला शिंपल्यांचा वास,
काचेवर आडवा ओरखडा,
तो काढून दे असं तो म्हणाला नाही.

अंकुदच्या धक्क्यावर ही दोन मनगटं
रोज सकाळी भेटतात.
एक आपले मासे मोजायला येतं,
दुसरं पिंजऱ्याच्या तळाशी उतरतं, मेलेले मासे वेचायला.

आधी सोन्याचं उघडलं. खरं सांगते, श्वास धरला.
ज्या पट्ट्या कुणी कधी पाहणार नाही
त्यांच्याही कडा कुणीतरी हाताने घासल्या होत्या,
लाकडाच्या काडीने, तासन् तास.
कुठल्याशा बर्फाळ गावातली बाई असेल,
माझ्याच वयाची, मानेत माझ्यासारखीच कळ येणारी.
तिच्यासाठी मी हात पुन्हा धुतले.

मग पोलादी.
आत नक्षी नाही, नाव नाही.
लाखात एक नव्हे, लाखांतलं एक.
कड्याखाली मिठाचा थर
आणि माशाचा एक खवला, अजून चमकणारा.
रबर बदललं. पाण्याच्या नळकांड्यात सोडून पाहिलं:
एकही बुडबुडा नाही.
आठ हजार पेसो.
सोन्याच्या नुसत्या तेलपाण्यात
असली सहा नवी आली असती.

हे कडं एकाच बाजूला फिरतं, टक टक टक.
बाप शिकवताना म्हणायचा,
खाली दोराला, दगडाला लागून ते सरकलंच
तर गेलेली मिनिटं जास्तच दाखवेल,
कमी कधीच नाही.
म्हणजे चुकलं तरी
माणसाला लवकर वर बोलावून चुकेल,
घटका भरायच्या आत.
सोन्याच्या घड्याळात मी पुष्कळ शोधलं.
इतक्या कारागिरीत
अशी एकही चूक कुणी बसवून ठेवलेली नव्हती.

डॉन आबेलार्दोची तक्रार होती:
दिवसाला चार सेकंद मागे पडतं.
सेकंदकाटाच नाही त्याला.
मी काही बोलले नाही. लावून दिलं.

शुक्रवारी रात्री वाऱ्याने तार तुटली.
सोन्याचं दिसेना, नुसतं ऐकू येत राहिलं,
कुणी दाताने धागा तोडत बसावं तसं.
पोलादी घड्याळाचं तोंड हिरवं पेटलेलं.
तेच हातात धरून मी फळीवर
काडेपेटी शोधली.

शनिवारी रोसेंदो आला.
डॉन आबेलार्दोची डबी उघडीच होती.
त्याने विचारलं, हातात घेऊ?
डाव्या कानाला लावलं, मग आठवून उजव्या.
डावा कान त्याने पाण्याला देऊन टाकलाय.
बराच वेळ ऐकत राहिला.
"हे किती खाली जातं?"
"हात धुताना काढून ठेवायचं."
"बिचारं," तो म्हणाला,
आणि अंडं ठेवावं तसं परत ठेवलं.

मी म्हटलं, तुझं रोज बारा सेकंद पुढे धावतंय.
फेर लावून देते, पैसे नकोत.
पट्टा आवळताना त्याने वर पाहिलंही नाही.
"राहू दे. मी बारा सेकंद आधी वर आलो
म्हणून मेलेले मासे पळून जात नाहीत."

तो गेल्यावर वही उघडली.
रबर बदललं. काच तशीच.
बारा सेकंद पुढे.
दुरुस्त केलं नाही.